परीटघडी : इस्त्रीच्या आधी आणि इस्त्रीवाचून

‘इस्त्री’ हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की तो परका असावा अशी शंकाही कोणाला येत नाही. पण तो समुद्रावरून आलेला आहे. गोव्यातील बार्देशचे सुपुत्र आणि थोर कोशकार सेबास्तियाँव रुदोल्फ दाल्गादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. ‘इस्त्री’चे मूळ ‘एस्तिरार’ या पोर्तुगीज क्रियापदात आहे, असे त्यांच्यासह बहुतेक अभ्यासक मानतात. या क्रियापदाचा मूळ अर्थ आहे ताणणे. त्यात उष्णता नाही, लोखंड नाही, कोळसाही नाही. कापडाची सुरकुती काढायची म्हणजे कापड ताणायचे, एवढीच मूळ कल्पना.

शब्द पोर्तुगिजांकडून आला, म्हणून त्याआधी आपले लोक चुरगळलेलीच वस्त्रे नेसत होते काय? बखरींतील दरबारांची वर्णने आणि पेशवाईतील चित्रे पाहिली की तसे म्हणवत नाही. मग लोखंडी इस्त्रीवाचून घडी कशी बसत होती, आणि ती कोण बसवत होते, या प्रश्नाचा मी गेली काही वर्षे फुरसतीनुसार पाठपुरावा करतो आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण माझ्याजवळ नाही. पण जुने कोश वाचण्याची सवय आहे. या विषयाची पहिली वाट मला कोशांतच सापडली.

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) घेऊन बसले की या कामाचे शब्द एकामागून एक पुढे येतात. खळ, भट्टी, घडी, चुणी, कुंदी, परीटघडी. यांतील ‘कुंदी’ आज निम्म्याच अर्थाने जिवंत आहे. ‘त्याची चांगली कुंदी काढली’ असे आपण मार खाल्लेल्या माणसाबद्दल म्हणतो. मूळ कुंदी कापडाची. धुऊन, खळ देऊन, किंचित ओलसर ठेवलेले कापड घडी घालून गुळगुळीत लाकडी ओंडक्यावर ठेवायचे आणि जड लाकडी मोगरीने सगळीकडून सारखे बडवायचे. धागे चपटे होतात, एकमेकांशी बिलगतात, सुरकुती जाते आणि कापडावर एक मंद तकाकी येते. या कामात विस्तव लागत नाही. लागतो तो दंडातला जोर आणि घाव कुठे व केवढा घालावा याची जाण. घाव वाकडा पडला तर घडीच्या कडेवर कापड कातरते. भाषेने माणसाच्या माराला हा शब्द दिला तेव्हा ‘नीट, पद्धतशीर, एकही जागा न सोडता’ हा अर्थ आपसूकच बरोबर आला.

हे मोगरीचे काम फार जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच रजकांचे, म्हणजे धोब्यांचे नियम दिले आहेत. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत ते पाहता येतात. रजकाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच धुवावेत. अन्यत्र धुतल्यास नुकसानभरपाई आणि वर सहा पण दंड. मुद्गराची खूण नसलेले वस्त्र रजकाच्या अंगावर दिसल्यास तीन पण दंड. गिऱ्हाइकाचे कपडे विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर बारा पण. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही रजकाने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हलक्या हाताने धुवावे आणि एकाचे कपडे दुसऱ्याला वापरू देऊ नयेत, असे सांगितले आहे. या नियमांत मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, मुद्गर ही या धंद्याची ओळखखूणच होती. दुसरी अशी की, दुसऱ्याचे नीटनेटके वस्त्र धोब्याच्या अंगावर चढेल, ही भीती राजाच्या दंडविधानात शिरण्याइतकी मोठी होती. कपड्याची घडी आणि माणसाची पायरी यांचे नाते इथपासूनचे आहे.

आता थोडे कापडाच्या अंगाने पाहू. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरले की हे बंध सुटतात आणि साखळ्या हलायला मोकळ्या होतात. पाणी उडून जाताना त्या ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत पुन्हा बांधल्या जातात. पिळा मारून तसेच वाळू दिले तर पिळाचीच सुरकुती कायम होते. ताणून वाळवले तर सपाटी कायम होते. इस्त्री काय करते, तर हीच क्रिया उष्णतेने आणि दाबाने मिनिटभरात उरकते. म्हणून कोरड्या सुती कापडावर इस्त्री फिरवली तर ती नुसती सरकते, आणि पाण्याचा शिपका मारला की लागू पडते. खरे काम पाणी करते. घाई करायची असेल तेव्हा लोखंड लागते. वेळ आणि माणसे हाताशी असतील तर त्यावाचून भागते.

आपल्या घरांतून हे शास्त्र नाव न घेता पाळले जात होते. लुगडे धुतले की घट्ट पिळायचे नाही, पाणी निथळू द्यायचे. मग दोघींनी दोन टोके धरायची, एक झटका द्यायचा, काठाला काठ जुळवून ताणायचे आणि दांडीवर टाकायचे. नऊवारी लुगड्याला हे एकटीचे काम नव्हे. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारीण लागायचीच. अर्धवट ओले असताना उतरवून घडी घालायची आणि वर पाटा नाहीतर ट्रंक ठेवायची. पुरुषांचे धोतर असेच उशीखाली किंवा गादीखाली जाई. पितळी तांब्यात निखारे भरून तो कापडावरून फिरवणे ही यातली शहरी सुधारणा. माझ्या पिढीतल्या, साताऱ्यात वसतिगृहात राहून शिकलेल्या अनेकांनी शाळेची अर्धी चड्डी रात्री सतरंजीखाली घालून सकाळी धार आणलेली आहे.

सोवळ्याच्या घरांत तर इस्त्रीला वावच नव्हता. परटाकडून आलेले वस्त्र सोवळ्याला चालत नसे. पूजेचे, स्वयंपाकाचे वस्त्र घरीच धुऊन, कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच दांडीवर काठीने वाळत टाकायचे. काठीच्या टोकाने वस्त्र पसरवून त्याची एकही चुणी राहू न देणे हे त्या घरांतील बायकांचे कसब होते. म्हणजे एकाच घरात दोन नीटनेटकेपण नांदत होती. देवापुढे नेसायचे ते घरच्या हातचे, आणि चारचौघांत मिरवायचे ते परटाच्या हातचे. ‘परीटघडीचे कपडे’ हा वाक्प्रचार या दुसऱ्या नीटनेटकेपणाचा. त्यात कापडाचा पोत नाही की रंग नाही. ते कोणी घडी घातले, एवढेच आहे. माणसाची पत त्याच्या परटावरून ठरत होती, असाच याचा अर्थ.

हा परीट गावगाड्यातला बलुतेदार. विदर्भात त्याला वरठी म्हणतात. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये इतर बलुतेदारांबरोबर त्याचीही नोंद आहे. सुगीला धान्याचा वाटा, सणासुदीला पोस्त, आणि लग्नात नवरा-नवरीसाठी पायघड्या घालण्याचा मान. पायघडीतही पुन्हा घडीच. ज्याने सगळ्या गावाची वस्त्रे सरळ करायची, त्याने शुभकार्यात वाटही वस्त्राने सरळ करायची.

एवढे सगळे गणित ऊन असल्यावर जुळते. ऊनच नसेल तर? हा प्रश्न मला महाबळेश्वरला घेऊन गेला.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यात १८२९ साली ठराव होऊन महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांकडे गेला आणि तिथे माल्कम पेठ वसली. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले. बंगले, क्लब, मेजवान्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर कडक कॉलर, पांढरे हातमोजे, खळ दिलेले टेबलक्लॉथ आले. हे सगळे पांढरेशुभ्र ठेवणाऱ्या माणसांची नावे इतिहासात नाहीत. पॉइंटांना मात्र नावे आहेत : लॉडविक, एल्फिन्स्टन, विल्सन, बॉम्बे. या साहेबी नावांच्या गर्दीत एल्फिन्स्टन पॉइंटच्या बाजूला एक नाव वेगळे उभे आहे, ‘धोबी धबधबा’. त्या काळच्या श्रमिकांचे एवढे एकच स्मारक महाबळेश्वराच्या नकाशावर मला दिसते, आणि तेही पाण्याचे.

साहेब मृगाच्या आधी खाली उतरत. गावात राहणारे मात्र तिथेच राहत. वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. धुके घरात शिरते, भिंतींना पाणी सुटते, म्हणून घरांना आणि दुकानांना बाहेरून गवताच्या झडी बांधतात. अशा हवेत कापडाला दिलेली खळ म्हणजे बुरशीला आमंत्रण. कुंदी, पाटा, गादी, सगळे उपाय इथे फसतात, कारण त्यांची अट कापड वाळण्याची आहे.

इथला उपाय म्हणजे डालगे. कोंबड्या झाकतात तसले बांबूचे मोठे डालगे शेगडीवर उपडे ठेवायचे आणि त्यावर ओले कपडे पसरायचे. घाटमाथ्यावर आणि कोकणात बाळाची दुपटी याच पद्धतीने सुकवतात. बाजारपेठेत पिढीजात धुलाईचे काम केलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी मी श्रावणातल्या एका दुपारी यावर बोललो. त्यांच्या मते डालग्यात दोन कामे एकदम होतात. खालच्या उबेने कापडातली ओल वाफ होऊन वर येते आणि डालग्याच्या गोलाईवर कापड आपल्याच वजनाने ताणले जाते. फक्त राखेने झाकलेला निखारा हवा. उघडा विस्तव असेल तर धुराचा वास बसतो, आणि डाग पडतो तो निराळाच. ते आणखी एक गोष्ट म्हणाले : पेटीतून काढलेला कोरडा सदरा चुरगळलेला असेल तर इथे त्याला काहीच करावे लागत नाही, रात्रभर पडवीत खुंटीला टांगला की धुकेच त्याला सरळ करते. सकाळी डालग्यावर पाच मिनिटे धरला की काम झाले. आज पर्यटक हॉटेलच्या न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून वाफेत सदरा टांगतात, त्याचीच ही फुकटची आवृत्ती. वाफेची इस्त्री म्हणून जे यंत्र आपण विकत घेतो, त्याचे तत्त्वही हेच.

इथपर्यंतचा इतिहास कसबाचा झाला. पण त्याच सातारा जिल्ह्यात याला दुसरी बाजू आहे, आणि ती सोडून हा विषय पुरा होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मपर लेखनात त्यांनी तिथल्या घराची हकीकत लिहिली आहे. घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत. साताऱ्यात परीट नव्हते असे नाही. त्याला पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. परीट अस्पृश्यांचे कपडे धूत नसत, एवढेच कारण होते. केस कापण्याचे कामही घरातच, थोरल्या बहिणीकडे होते, कारण न्हावीही येत नसे. परटाची स्वतःची पायरी गावगाड्यात वरची नव्हती. त्याने या घराचे धुणे घेतले असते तर बाकीच्या गावाने त्याचे बलुते बंद केले असते. वरून येणारा धाक एकेक पायरी खाली उतरत शेवटच्या घरापर्यंत पोहोचत होता.

याच लेखनात १९०१ सालच्या प्रवासाचा प्रसंग आहे. वडील नोकरीनिमित्त कोरेगावला होते. मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. प्रवासासाठी मुद्दाम नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मसूर स्टेशनवर ती उतरली तेव्हा न्यायला कोणी आले नव्हते. त्यांचे कपडे पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगताच त्यांचा चेहरा पालटला. पुढे बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर ती मिळाली. वाटेत पिण्याचे पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग आपल्याला पाण्यासाठी आणि गाडीसाठी आठवतो. मी तो कपड्यांसाठीही वाचतो. त्या मुलांच्या वस्त्रांत कोणतीही उणीव नव्हती. त्या बळावर काही मिनिटे त्यांना माणसासारखे वागवलेही गेले. परटावाचून राहिलेल्या घरातली मुले परीटघडीच्या दिमाखात उभी होती आणि ते पाहणाऱ्याला खरे वाटले. मग एका शब्दाने ते सगळे पुसले गेले. पुढे १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्याचा आणि लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा आग्रह धरला, आणि स्वतः आयुष्यभर नीटनेटका सूट घातला. याला काही जण केवळ साहेबी आवड म्हणतात. मसूर स्टेशन लक्षात ठेवले तर तसे म्हणवत नाही.

याच्या शेजारी मला दुसरा प्रसंग ठेवावासा वाटतो. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले होते. जोहान्सबर्गच्या समारंभासाठी त्यांना आपले खास उपरणे पांघरायचे होते. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले ते उपरणे चुरगळले होते आणि लाँड्रीत टाकून परत आणण्याइतका वेळ नव्हता. गांधीजींनी आपण इस्त्री करतो म्हटले. वकील म्हणून तुमच्यावर भरवसा आहे, धोबी म्हणून नाही, अशा अर्थाचे उत्तर गोखल्यांनी दिले. पण शेवटी उपरणे हाती दिले. गांधीजींनी ते उत्तम सरळ करून दिले आणि गुरूची पावती मिळवली. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी हे मोठ्या आनंदाने सांगितले आहे. त्याच्या आधी त्यांनी स्वतःच्या कॉलरला खळ देण्याचा केलेला पहिला प्रयत्न, इस्त्री पुरती न तापल्याने कोर्टात गळत राहिलेली खळ आणि बॅरिस्टर मित्रांचे हसू, हेही आहे. हेच गांधीजी १९४४ मध्ये पाचगणीला आणि १९४५ च्या उन्हाळ्यात महाबळेश्वरला विश्रांतीसाठी राहिले, तोवर कॉलर जाऊन पंचा उरला होता. परटाचे काम आपल्या हाताने करणे ही त्यांची निवड होती. साताऱ्याच्या त्या घरातल्या बहिणींना निवड नव्हती. काम तेच, हात तसेच; पण पुस्तकात एकाचे स्वावलंबन झाले आणि दुसऱ्याची वंचना.

तिसरा माणूस स्वतः परीट घराण्यातला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (१८७६–१९५६). ज्यांच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या गावाला परीटघडी दिली, त्यांनी अंगावर चिंध्यांची गोधडी घेतली आणि हातात खराटा घेऊन गावच्या गल्ल्या झाडल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. कपड्याची घडी आणि माणसाची किंमत यांचा सांधा त्यांनी आपल्या देहावरच तोडून दाखवला. चिंध्या पांघरलेल्या त्या माणसापुढे परीटघडीतले लोक हात जोडून बसत.

नंतरची गोष्ट रसायनशास्त्राची. व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडात टेरिलीन शोधले. अमेरिकेत रूथ बेनेरिटो या शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात सेल्युलोजच्या साखळ्यांना पक्के टाके घालून सुती कापडच चुरगळू नये अशी प्रक्रिया पुढे नेली. आपल्याकडे टेरिकॉट आले तेव्हा ‘धुवा, टांगा, घाला’ हे गरिबालाही परवडू लागले. ज्या कोणाच्या घरी परीट येत नव्हता, त्याच्या अंगावरही आता सकाळी सरळ सदरा होता. या धाग्याला आज आपण घामट आणि पर्यावरणाला वाईट म्हणतो, ते खरेच आहे. पण एका पिढीला त्याने जे दिले, त्याची नोंद झाली पाहिजे.

आणि आता चक्र फिरले आहे. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या एनर्जी स्वराज फाउंडेशनने ‘रिंकल्स अच्छे हैं’ ही मोहीम काढली आणि २०२४ च्या मे महिन्यात सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतील मंडळी सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून कामाला येऊ लागली. कपड्यांच्या एका जोडाला इस्त्री न केल्यास सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचतो, असा त्यांचा हिशेब आहे. हेतू चांगला आहे आणि मला तो पटतोही. तरी एक प्रश्न राहतो. शास्त्रज्ञाच्या सदऱ्यावरची सुरकुती त्याच्या विचारांची खूण ठरते. मुलाखतीला आलेल्या मजुराच्या मुलाच्या सदऱ्यावरची तीच सुरकुती अजूनही त्याच्या घराची खूण ठरते. शिवाय कोपऱ्यावरच्या टपरीत उभा राहून नगावर इस्त्री करणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही.

म्हणून मला वाटते, सुरकुती घालवण्याच्या जुन्या रीती नुसत्या युक्त्या म्हणून पुढे देऊ नयेत. पिळू नका, झटका, दोघांनी धरून ताणा, ओलसर असताना घडी घाला, वर वजन ठेवा, पावसात वाफेवर धरा : एवढे केले तर सुती कापडाला इस्त्री क्वचितच लागते. हे ज्ञान परटांनी, घरातल्या बायकांनी आणि ज्यांना परीट नाकारला गेला त्या घरांतल्या बहिणींनी सांभाळले. ते सांगताना त्या तिघांचाही उल्लेख व्हावा, एवढीच अपेक्षा.